नव्या डॅकचा मोह

हल्लीं ज्या घरीं गाणें आवडीनें ऐकलें जातें, तेथें एक नवाच वाद माजूं लागला आहे. बरा चालणारा डॅक घरांत असतांना त्याच कारखान्याचा नवा नमुना बाजारांत येतो, आणि चिरंजीव वडिलांच्या मागें लागतात कीं, जुना काढून नवा घ्या. आमच्या मतें बहुतेक प्रसंगीं वडिलांनीं नाहीं म्हणावें. मात्र कारण सांगून म्हणावें.

ज्या पालकांस हा शब्द नवा आहे त्यांच्याकरितां थोडें सांगतों. संगणकांत अथवा मोबाईलमध्यें गाणें असतें तें आंकड्यांच्या रूपानें. त्या आंकड्यांपासून विजेचा चढउतार निर्माण करून तो ध्वनिवर्धकाकडे पाठविणारें यंत्र म्हणजे डॅक. मोबाईलच्या पोटांतही तो असतोच. शौकीन लोक वेगळा विकत घेतात.

1982 सालीं कॉम्पॅक्ट डिस्क निघाली, तेव्हां सेकंदास 44,100 नमुने व प्रत्येक नमुना 16 बिटांचा, असें प्रमाण ठरलें. हा आंकडा मनास येईल तसा घेतलेला नव्हता. तरुण कानास सेकंदास सुमारें 20,000 कंपनांपर्यंतचाच नाद कळतो, व तो पकडण्यास दुपटीहून थोडे अधिक नमुने पुरतात. वय वाढतें तशी ही मर्यादा खालीं येते. चाळिशी उलटलेल्या आम्हां शिक्षकांची तर आलीच आहे. आरंभींच्या कांहीं यंत्रांत 14 बिटांचेच डॅक होते. तेव्हां पुढील नमुना घेण्यांत अर्थ होता. आज खोक्यावर 768 हजार नमुने व 32 बिट छापतात. आंकडा खोटा नाहीं, पण तो वाचावयाचा, ऐकावयाचा नव्हे.

शिवाय आमच्या अणदुरांत रात्रीं दार लावून बसलें तरी डोक्यावर पंखा फिरत असतो आणि सोलापूर-हैदराबाद मार्गावरील मालमोटारी थांबत नाहींत. त्या गोंगाटांत दोन चांगल्या डॅकांमधला सूक्ष्म भेद बुडून जातो. आणि ऐकावयाचें काय ? पुष्कळ घरीं अब्दुल करीम खाँसाहेब (मृत्यु 1937) किंवा बालगंधर्व (मृत्यु 1967) यांचीं जुनीं गाणीं. तीं लाखेच्या तबकड्यांवर उतरलेलीं. मिनिटास 78 फेरे आणि सुईची अखंड खरखर. नवा डॅकही ती खरखर इमानानें ऐकवील. स्वच्छ तबकडीवरून काळजीपूर्वक उतरविलेली प्रत मिळविली, तर फरक आजीबाईंसही कळेल. चांगला ध्वनिवर्धक घेतला, किंवा उघड्या फरशीवर नुसती जाड सतरंजी अंथरली, तरीही कळेल.

ज्या घरीं सोयाबीनचे पैसे वर्षांतून एकदांच हातीं येतात, तेथें हा हिशेब क्षुल्लक नाहीं. तथापि मुलाचें म्हणणें उडवून लावूं नये. मित्राचा नवा डॅक एक दिवस मागून आणावा. दोहोंचा आवाज अगदीं सारखा ठेवावा, कारण किंचित् मोठा असेल तोच गोड वाटतो. मग धाकट्या बहिणीनें पडद्याआड नाणें उडवून कोणता लावावयाचा तें ठरवावें, आणि थोरल्यानें ओळखावें. दहांत नऊ वेळां ओळखलें, तर योगायोग म्हणतां येणार नाहीं. मग पालकांनींही विचार करावा.

जुना डॅक गुरगुरूं लागला, त्याची खोबण झिजली, किंवा नव्या मोबाईलला तो जोडतांच येईना, तर गोष्ट निराळी. तेव्हां खुशाल बदलावा.