कोणाची नोंद खरी?



संपादकीय संगणकाबद्दल आहे हे कळल्यावर काहीजणी पान उलटतील. मीही उलटलं असतं. पण जानेवारीत आमच्या केंद्रात जे घडलं, ते संगणकाचं प्रकरण म्हणून बाजूला ठेवता येईना.

मांजरी बुद्रुक स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, दोन खोल्यांत आमचं सल्ला केंद्र चालतं. हडपसरला आणि लोणी काळभोरला शाखा आहेत. तिन्ही ठिकाणी मिळून टेबलावरचे पाच संगणक आणि वस्त्यांवर फिरणाऱ्या नऊ कार्यकर्त्या. गेल्या दिवाळीनंतर या नऊजणींना फोन दिले आणि पाचही संगणकांवर एक सॉफ्टवेअर बसवलं. कार्यकर्तीनं वस्तीत फोनवर लिहिलेलं आपोआप सगळ्या संगणकांवर उतरावं, आणि संगणकावर लिहिलेलं तिच्या फोनवर. याला 'सिंक' म्हणतात. बसवणारा मुलगा हुशार होता. दोन दिवसांत काम आटोपून, चहा पिऊन गेला. आम्हीही खूश होतो. पूर्वी हडपसरला आलेल्या बाईला मांजरीत सांगितलेली सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागे. एका पावसाळ्यात छत गळून आमचे दोन रजिस्टर लगदा झाले होते. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करताना 'पहिल्यांदा कधी आलात?' या साध्या प्रश्नाला तारीख शोधायला अर्धा दिवस जाई. हे सगळे त्रास खरे होते आणि ते संपणार होते.

आता काय घडलं ते सांगते. आमच्याकडे येणाऱ्या एका बाईनं कार्यकर्तीला सांगितलं, पत्र घरी पाठवू नका, बहिणीच्या पत्त्यावर पाठवा. कार्यकर्तीनं तिथल्या तिथे फोनवर पत्ता बदलला. नंतर दोन दिवस तिच्या फोनला रेंज नव्हती. त्याच दोन दिवसांत ऑफिसात आमच्यापैकीच एकजण जुने पत्ते नीट करत बसली होती. मांजरी बुद्रुक ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत आलं, तरी आमच्या याद्यांत अजून कुठे 'मु. पो.', कुठे 'ता. हवेली' असं चालू होतं. तिनं या बाईच्या जुन्या पत्त्यातलं 'ता. हवेली' काढून 'पुणे' केलं. एवढंच. तिसऱ्या दिवशी फोनला रेंज आली. सॉफ्टवेअरनं दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या, ऑफिसातली नंतरची दिसली, ती ठेवली आणि फोनवरची पुसली. कुणाला काही विचारलं नाही. आठवड्यानं आमचं पत्र तिच्या घरी गेलं. नवऱ्यानं फोडलं.

त्यानंतर दोन महिने ती आली नाही. तिच्यावर घरात काय गुजरलं ते मी इथं लिहिणार नाही. ते सांगायचं की नाही, हे ती ठरवेल.

दुधाच्या रतिबाची दोन पुस्तकं असतात, एक आपल्याकडे आणि एक गवळ्याकडे. महिन्याच्या शेवटी ताळा जुळला नाही तर आपण दारात उभ्या राहून भांडतो. 'मंगळवारी पाहुणे होते म्हणून अर्धा लिटर जास्त घेतलं', 'छे, मंगळवारी तुम्ही गावाला होतात'. या भांडणातून खरं काय ते निघतं. सिंक भांडत नाही. आमच्या सॉफ्टवेअरला एकच नियम शिकवलेला होता, शेवटी लिहिलेलं खरं. त्यातही ते रकान्यागणिक पाहत नव्हतं, अख्खा कागद बदलत होतं. ऑफिसातल्या बाईनं एक शब्द हलवला आणि कार्यकर्तीचा सगळा कागद रद्द झाला. ज्या फोनचं घड्याळ पुढे असेल, त्याचंही असंच 'शेवटचं' ठरतं, हे आम्हाला नंतर कळलं.

हे यंत्राचं नशीब नव्हे, निवड आहे. मी हे ठामपणे म्हणू शकते, कारण २००३ च्या सुमारास एका मदतनीसानं परदेशातून आणलेली जुनी 'पाम' यंत्रं मी वापरली आहेत. १९९६ मध्ये 'पायलट' नावानं निघालेलं हे तळहाताएवढं यंत्र. संगणकाला जोडलेल्या पाळण्यात ठेवायचं आणि बटण दाबायचं. पण त्याआधी पडद्यावर प्रत्येक यादीसाठी विचारलेलं असे: दोन्हींचा मेळ घालू, की संगणकानं हातातल्या यंत्रावर मात करावी, की हातातल्या यंत्रानं संगणकावर, की काहीच करू नको? एकच नोंद दोन्हीकडे बदललेली सापडली, तर ते दोन्ही ठेवी आणि निवड आपल्यावर सोडी. यादीत एकच नाव दोनदा दिसायचं, आम्ही वैतागायचो. आज त्या वैतागाची किंमत कळते. नव्या सॉफ्टवेअरमध्येही असा पर्याय आहे. तो कुठल्यातरी आतल्या पानावर आहे आणि बसवताना आम्ही कुणीच विचारलं नाही.

आम्ही का विचारलं नाही? बैठकीला कोण होतं ते आठवून पाहिलं. मी, हिशेब पाहणाऱ्या ताई, बसवणारा मुलगा आणि देणगीदार संस्थेचा एक माणूस. वस्तीवर फिरणाऱ्या नऊजणींपैकी एकही नव्हती. त्यांना नंतर अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण दिलं, म्हणजे कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं. सरकार अंगणवाडी सेविकांशी असं वागलं तेव्हा आम्ही मोर्च्यात होतो.

ते आठवत असेलच. २०१८ च्या पोषण अभियानानंतर राज्यातल्या सेविकांना फोन मिळाले. सुरुवातीचं ॲप रेंज नसतानाही नोंद घेई आणि रेंज आली की पाठवी. २०२१ मध्ये त्याच्या जागी 'पोषण ट्रॅकर' आला. फोन जेमतेम क्षमतेचे, ते तापत आणि बंद पडत. दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. आणि लहानग्यांची नावं इंग्रजीत भरा, असा आग्रह. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरच्या हजारो सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. त्या वेळच्या बातम्यांत 'बायकांना तंत्रज्ञान जमत नाही' हा सूर होता. आमच्या भागातल्या एका सेविकाताईंनी मला त्या दिवसांत सांगितलं होतं, 'जमतं हो. पण फोनमध्ये मूल दिसलं नाही तर साहेब म्हणतात मूलच नाही. आणि मूल माझ्या मांडीवर बसलेलं असतं.' त्या वहीही लिहीत आणि फोनही भरत. दोन्ही जुळलं नाही की खोट्या ठरत त्या. वही नाही आणि फोन तर नाहीच. २०२५ पासून घरी नेण्याच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहराही त्याच ॲपमध्ये जुळावा लागतो, म्हणजे जुळवायच्या गोष्टींत आणखी एक भर.

असं नेहमीच होतं असं नाही. १९९० च्या दशकात राजस्थानात अजमेर जिल्ह्यात ॲपल कंपनीनं नर्सबाईंसाठी 'न्यूटन' हे हातातलं यंत्र वापरून पाहिलं. ते करणारे लोक आधी गावोगाव नर्सबाईंच्या मागे फिरले, त्या रजिस्टर कसं भरतात ते पाहिलं आणि मग पडदा आखला. आम्ही नऊजणींपैकी एकीच्याही मागे एक दिवस फिरलो नाही.

आता नऊजणी आणि आम्ही, तीन दुपारी एकत्र बसलो. जे ठरलं ते सांगते, कारण तुमच्याही संस्थेच्या दारात असा हुशार मुलगा येणार आहे. बाईचा पत्ता, तिचा फोन आणि 'संपर्क कसा करावा' हे तीन रकाने यंत्रानं परस्पर जुळवायचे नाहीत. फरक दिसला की दोन्ही नोंदी शेजारी शेजारी थांबतील आणि जी कार्यकर्ती त्या बाईला भेटते, ती निवडेल. हिशेबाच्या ताई म्हणाल्या, कामं तुंबतील. तुंबू देत. नऊजणींच्या नऊ फोनवर सगळ्या बायकांच्या कहाण्या फिरणं बंद. प्रत्येकीकडे तिच्याकडे येणाऱ्या बायकांच्याच नोंदी राहतील. केंद्राचा फोन घरच्या खात्याला जोडायचा नाही. एका कार्यकर्तीच्या घरी मुलाच्या टॅबवर आमच्या बायकांची नावं आणि नंबर उमटलेले सापडले, तेव्हा आम्ही हादरलो. देणगीदारांना दर तिमाहीला आकडे हवे असतात. आकड्यांना नावं लागत नाहीत, ते संगणकातून मोजून वेगळे पाठवू. हे त्यांना लिहिलं आहे, उत्तर यायचं आहे.

आणखी एक. सिंक म्हणजे जपणूक, असा आमचा समज होता. तो चुकीचा निघाला. एका संगणकावर पुसलं की ते पाचही ठिकाणी आणि फोनवरही पुसलं जातं, तितक्याच तत्परतेनं. म्हणून दर शनिवारी एक प्रत वेगळ्या डिस्कवर, कुलपात.

वह्या मात्र आम्ही टाकलेल्या नाहीत. त्यावरून दोन तट आहेत. तरुण मुलींना तो दुप्पट कामाचा जाच वाटतो आणि अंगणवाडी ताईंचं आठवलं की मलाही त्यांचं पटतं. निर्णय झालेला नाही. सध्या लोणी आणि हडपसरच्या तीन संगणकांवरचं सॉफ्टवेअर बंद ठेवलं आहे. मांजरीच्या दोनवर नव्या नियमांनी चालू आहे.

ती बाई मार्चअखेर परत आली. पाणी प्यायली. मग तिनं विचारलं, 'ताई, माझं तुम्ही कशात कशात लिहून ठेवलंय?' तिला संगणकासमोर खुर्ची दिली आणि तिची सगळी नोंद वाचून दाखवली, फोनवरची आणि वहीतलीही. दोन ओळी तिनं काढायला सांगितल्या. काढल्या, पाचही ठिकाणांहून, फोनवरून आणि शनिवारच्या प्रतीतूनही. वहीतल्या तिनं स्वतः खोडल्या.