मताधिकाराचें सोवळें

निवडणुकींत भरणाऱ्या बाजाराचें खापर सार्वत्रिक मताधिकारावर फोडण्याची चाल सुशिक्षितांत फार जुनी आहे. मत मोजक्या मिळकतदारांच्याच हातीं असतें, तर हा अनाचार घडताच ना, असें हे पंडित सांगतात. त्यांनीं अमेरिकेंतील इंग्रजी वसाहतींचा इतिहास एकदां उघडून पाहावा, एवढीच आमची विनंति आहे.

व्हर्जिनियांत १७३६ च्या कायद्यान्वयें मतदारापाशीं १०० एकर मोकळी जमीन, अथवा घरासह २५ एकर लागवडीची जमीन असावी लागे. स्त्रिया व गुलाम यांना मतदानाचें दार बंदच होतें. म्हणजे हवें तेवढें गाळून घेतलेलें हें मतदारमंडळ! पण घडलें काय? १७५५ सालीं फ्रेडरिक परगण्यांत अवघ्या ४० मतांवर पडलेला जॉर्ज वॉशिंग्टन १७५८ सालीं तेथेंच तीनशेंहून अधिक मतें घेऊन निवडून आला. तो स्वतः त्या दिवशीं सरहद्दीवर सैन्यांत होता. मतदारांपुढें हजर होते ते रम, पंच, वाइन आणि बिअर! त्या पाहुणचाराचा सुमारें ३९ पौंडांचा खर्च त्यानें सोसला, आणि विरुद्ध मत देणारांनाहि भरपूर मिळालें असेल ना, एवढीच काळजी पत्रांतून व्यक्त केली. उमेदवारानें मतदारास खाऊंपिऊं घालूं नये, असा निर्बंध १७०५ च्या कायद्यांत होता. तो कायद्याच्या पुस्तकांतच राहिला.

शिवाय मत तोंडीं, सर्वांदेखत द्यावयाचें. समोर बसलेला उमेदवार तें ऐकून आभार मानी. बड्या शेजाऱ्यासमोर लहान शेतकऱ्यानें त्याच्याविरुद्ध तोंड उघडावें तरी कसें?

पेनसिल्व्हानियांत दुसरा कैफ चढविण्यांत आला. बेंजामिन फ्रँकलिननें १७५१ सालीं लिहिलेल्या एका निबंधांत जर्मन वसाहतवाल्यांविषयीं तुच्छतेचे उद्गार होते. १७६४ च्या निवडणुकींत प्रतिपक्षानें तेच उकरून काढून जर्मन मतदारांस चेतविलें, आणि फ्रँकलिन पडला.

आतां आमच्या पंडितांनीं सांगावें, हा सारा भ्रष्टाचार कोणत्या निरक्षर, निष्कांचन जमावानें केला? गुलामाला मत नव्हतें. पेल्यावर भुललें तें मिळकतदाराचें मत. मतदार जितके थोडे, तितका त्यांचा पाहुणचार स्वस्त, हाच या इतिहासाचा धडा आहे. जमिनीच्या उताऱ्यानें माणसाचें मन शुद्ध होत नाहीं. निवडणूक शुद्ध करावयाची, तर गुप्त मतदान राखावें आणि उमेदवाराच्या खर्चावर करडी नजर ठेवावी. गरिबाचें मत हिरावून घेणें हा शुद्धीचा मार्ग नव्हे. तो पाहुण्यांची यादी आंखूड करण्याचा मार्ग आहे.