पोटखराबा नव्हे, सडा

सातबारा उताऱ्यावर कोकणच्या सड्याची नोंद बहुधा ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन, अशी असते. जांभ्या दगडाचे हे विस्तीर्ण पठार उन्हाळ्यात काळे, ओसाड दिसते. पावसाळ्यात त्याच कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवे आणि गेंदाची फुले फुलतात, खळग्यांमध्ये भात पिकते, नंतरच्या गवतावर गुरे चरतात. सड्यावर मुरलेले पाणी पायथ्याच्या वाडीतल्या विहिरींना मिळते. महसुली दप्तराला यातले काहीच दिसत नाही.

आता या ‘खराब’ जमिनीला भाव आला आहे. सुरुंग लावून कातळ फोडायचा, बाहेरून माती आणून आंबा-काजूची कलमे लावायची, नाहीतर चिरेखाण काढायची किंवा प्लॉट पाडून कुंपण घालायचे. बागायतीने अनेक घरांना हात दिला, हे खरेच. पण फोडलेला कातळ पुन्हा जुळत नाही. गुरांची वाट अडते, पाणी मुरण्याची रीत बदलते, आणि जो मोकळा माळ गावाची ओळख होता तो चौकोनांत वाटला जातो.

याच सड्यांवर कशेळीचा महाकाय हत्ती आणि बारसूची कातळशिल्पे कोरलेली आहेत. कोकणातल्या या शिल्पस्थळांचा 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत समावेश झाला. शिल्पाभोवती चौथरा बांधून उरलेला सडा विकणे म्हणजे संरक्षण नव्हे. शासनाने सड्यांना जमीन-वापराचा स्वतंत्र वर्ग द्यावा, आणि सुरुंगाच्या परवानगीआधी ग्रामसभेला विचारावे.