कुठलं दुःख खपतं?

अमेरिकेतले कृष्णवर्णीय लेखक पर्सिव्हल एव्हरेट यांची 'इरेजर' ही कादंबरी २००१ साली आली. तिचा नायक मंक हा प्राध्यापक आणि लेखक. ग्रीक साहित्यावर बेतलेली त्याची पुस्तकं चालत नाहीत, कारण ती म्हणे पुरेशी 'काळी' नाहीत! चिडून तो टोपणनावाने शिव्या आणि गुन्हेगारीने भरलेलं एक पुस्तक लिहितो. ते असतं विडंबन. पण प्रकाशक त्यालाच अस्सल जीवन समजून प्रचंड रक्कम मोजतात. या कादंबरीवरच्या 'अमेरिकन फिक्शन' चित्रपटाला २०२४ मध्ये रूपांतरित पटकथेचं ऑस्कर मिळालं.

गोष्ट काल्पनिक असली तरी दुखणं जुनं आहे. शिकल्यासवरलेल्या, साधा संसार करणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या प्रेमाच्या, मनाच्या गोष्टी गोरे प्रकाशक छापत नाहीत, असं झोरा नील हर्स्टन यांनी १९५० मध्येच लिहिलं होतं. ज्यांचं मन कधी वाचलंच नाही, ती माणसं आपल्यासारखीच आहेत हे वाचकाला पटणार कसं?

मग गरिबी, अन्याय लिहायचाच नाही का? लिहायलाच हवा. रिचर्ड राइट यांची 'नेटिव्ह सन' (१९४०) अशाच अंधाराची कादंबरी आहे आणि ती तुफान खपली. पण एका बुक क्लबच्या आग्रहाखातर तिच्यातला काही मजकूर आधीच काढावा लागला होता. तो परत आला १९९१ मध्ये. म्हणजे दुःखही गिऱ्हाइकाला सोसेल तेवढंच!

आपल्याकडे वंशाच्या जागी धर्म ठेवून पाहा. मुस्लिम लेखकाकडून तलाक, बुरखा आणि दंगल यांचीच अपेक्षा असते. हे विषय खरे आहेत, पण आमचं आयुष्य तेवढंच नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. वर्गातली एखादी मुलगी अब्बांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावर फार सुंदर लिहिते. उद्या तिला कुणी विचारलं, "यात मुस्लिम काय आहे?" तर? हुशार मुलं काय खपतं ते लवकर शिकतात. मग ती अब्बांचं दुकान बंद करून दंगल लिहायला बसेल, न पाहिलेली.

प्रकाशक नेहमी वाचकाकडे बोट दाखवतात. तेव्हा ती सायकलच्या दुकानाची गोष्ट आपणच मागू या, आणि पैसे देऊन विकत घेऊ या.