पंपावरची काटामारी

पेठ वडगाव आणि हातकणंगले तालुक्यातील वाहनधारकांनो, पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. दर उतरलेला नाही, आणि ॲव्हरेज पडलं म्हणून कुणी तक्रार केली तर ‘अपप्रचाराला बळी पडू नका’ असं त्यालाच सुनावलं जातं. पेट्रोल महाग आहे, टोल आहे, विमा वाढला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यावर कागद खर्च करायचा नाही. या पत्रकाचा रोख एकाच गोष्टीवर आहे. जुन्या गाडीवाल्याला दुसरा पर्याय न ठेवता नव्या गाडीचं इंधन त्याच्या टाकीत ओतण्याची सक्ती चालली आहे.

इथेनॉलशी आमचं वैर नाही. त्याने कार्बन मोनॉक्साइड घटतो, ऑक्टेन वाढतं, परदेशी तेलाची गरज थोडी कमी होते. पण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ही तूट भरून काढायची तर वाढलेल्या ऑक्टेनचा फायदा घेणारं इंजिन हवं : कॉम्प्रेशन जास्त, ठिणगीची वेळ नव्याने बसवलेली, पाइप आणि सील इथेनॉल सोसणारे. वाहन कंपन्यांनी हे काम केलं, पण नव्या गाड्यांसाठी. वीस टक्क्यांना टिकणारे सुटे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आले, त्या इंधनाला जुळवलेली इंजिनं त्याच्याही नंतर. शिरोलीच्या भट्ट्यांत इंजिनाचे ब्लॉक ओतणाऱ्या तालुक्याला हे समजावून सांगायला नको की तयार इंजिनाचं कॉम्प्रेशन पंपावर वाढवून मिळत नाही. एप्रिल २०२० मध्ये धुराचं बीएस-६ मानक आलं तेव्हा दुचाकींचा कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. त्याआधीच्या कार्बोरेटरवाल्या गाडीला आत काय जळतंय हे कळण्याची सोयच नाही. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं, मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं; आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली तर हेच इंधन हवेतलं पाणीही ओढून घेतं. दुधाचे कॅन आणि वैरणीचे भारे ज्या गाड्यांवर रोज वाहिले जातात, त्या बहुतेक याच वयाच्या आहेत.

नुकसानीचा आकडा आम्ही घरी बसून काढलेला नाही. निती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातच तो आहे : शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के इथेनॉलला जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज वीस टक्क्यांवर ६ ते ७ टक्क्यांनी घटतं, तशाच दुचाकीचं ३ ते ४ टक्क्यांनी. याच आराखड्याने जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचं पेट्रोल पंपावर ठेवावं आणि घटलेल्या ॲव्हरेजची भरपाई कर-सवलतीतून व्हावी, असंही सुचवलं होतं. वीस टक्क्यांचं लक्ष्य २०३० वरून पाच वर्षं अलीकडे ओढलं गेलं. ग्राहकाला जपणाऱ्या या दोन सूचना मात्र मागे राहिल्या. लिटरभराचे पैसे घ्यायचे आणि त्यात ऊर्जा कमी द्यायची, याला कारखान्याच्या वजनकाट्यावर आपण काटामारी म्हणतो. पंपावर तिला देशहित का म्हणावं?

आता या सक्तीच्या समर्थकांची उत्तरं ऐकू. पहिलं उत्तर सर्वात चीड आणणारं आहे : ‘तुम्ही विरोध करता म्हणजे ऊस उत्पादकाच्या पोटावर पाय देता.’ हे कोल्हापूर जिल्ह्याला सांगायचं? उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, साखरेच्या उताऱ्यावर ठरते. २०२४-२५ साठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती आणि त्या हिशोबात इथेनॉलचा थेंबही नव्हता. साखर कमी पडेल या भीतीने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर ऐन हंगामात बंदी आली, तेव्हा ही शेतकऱ्याची कळकळ कुठे होती? आज देशातलं निम्म्याहून अधिक इथेनॉल मका आणि तांदळापासून होतं. आणि दहा टक्क्यांच्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असतंच; जुन्या गाड्यांना ते दिल्याने एकही डिस्टिलरी बंद पडणार नाही. ऊस घालणारा आणि जुनी मोटारसायकल चालवणारा हा एकच माणूस आहे. त्याच्या नावाने त्याचाच खिसा कापू नका.

दुसरं उत्तर ब्राझीलचं. तिथल्या पेट्रोलमध्ये चौथ्या हिश्श्याहून अधिक इथेनॉल असतं हे खरं आहे. पण ब्राझीलने हा कार्यक्रम १९७५ मध्ये सुरू केला आणि २००३ पासून कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आणल्या. तिथे पंपावर इथेनॉल वेगळं मिळतं, आणि त्याचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तरच ते परवडतं, हा हिशोब तिथल्या ग्राहकाला पाठ असतो. ब्राझीलचं नाव घ्यायचं तर हा हिशोबही घ्या. तिसरं उत्तर असं की काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, पण ते स्वस्त असतात. सरकारी खुलाशातलंच हे म्हणणं आहे. म्हणजे झीज होते हे कबूल, बिल मात्र आमच्या नावावर. स्वस्त असतील तर कंपन्यांनी ते फुकट बसवून द्यावेत.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक पंपावर दहा टक्क्यांच्या पेट्रोलचं एक नोझल राहिलं पाहिजे. वीस टक्क्यांच्या पेट्रोलचा दर त्यातल्या ऊर्जेच्या प्रमाणात उतरला पाहिजे. आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या प्रत्येक मॉडेलला हे इंधन चालतं की नाही, कोणते भाग बदलावे लागतील आणि त्याची वॉरंटी कोण देणार, हे वाहन कंपन्यांनी मराठीत, सहीशिक्क्यानिशी जाहीर केलं पाहिजे. तोवर पेट्रोल भरताना पावती मागा, त्यावर इथेनॉलचं प्रमाण लिहून मागा, आणि नकार मिळाला तर पंपाच्या तक्रारवहीत तो नोंदवा.