फेरारीला माफी, मारुतीला भुर्दंड

सचिन तेंडुलकर यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली पहिली मोटार मारुती 800 होती. ती पुढे त्यांच्या हातून गेली. कोणाकडे असल्यास कळवावे, असे आवाहन त्यांनी 2020 साली जाहीरपणे केले. ब्रॅडमन यांच्या 29 कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल 2002 साली भेट मिळालेली फेरारी 360 मोडेना 2011 मध्ये सुरतेच्या एका उद्योजकाकडे गेली. तिच्यासाठी असे आवाहन झाल्याचे ऐकिवात नाही.

यंत्राचा कौल अर्थातच निराळा आहे. फेरारीचे इंजिन आठ सिलिंडरांचे, सुमारे 3600 सी.सी.चे आणि 400 अश्वशक्तीचे. मारुतीचे तीन सिलिंडरांचे, 796 सी.सी.चे, शक्ती फेरारीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी. तुलनाच हास्यास्पद, असे कोणी म्हणेल. तथापि मोटार कागदावर नव्हे, रस्त्यावर चालवावयाची असते. मुंबई-आग्रा महामार्ग सोडून मालेगावच्या जुन्या वस्तीत शिरून पाहावे. यंत्रमागांचा खडखडाट, सुताने लादलेल्या हातगाड्या, रिक्षा, सायकली. तेथे 400 पैकी 380 अश्व दावणीला बांधूनच ठेवावे लागतील, आणि पहिल्याच गतिरोधकावर त्या बुटक्या मोटारीचे पोट घासेल. मारुती वाट काढते. बिघडलीच, तर कोपऱ्यावरचा मिस्त्री तिला तासाभरात मार्गी लावतो. 1983 च्या डिसेंबरात ती सुमारे 50,000 रुपयांना बाजारात आली, आणि शिक्षक व कारकून यांच्या दारात मोटार उभी राहू शकते, ही कल्पना प्रथमच आवाक्यात आली.

सरकारदरबारी या दोन मोटारींची वट मात्र सारखी नव्हती. फेरारीवरील 1 कोटी 13 लाखांच्या घरातील आयातशुल्क माफ करण्याचा निर्णय केंद्राने 2003 साली घेतला. गदारोळ उठला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर ते शुल्क फियाट कंपनीने भरले. खेळाडूला दोष देण्यात हशील नाही. प्रश्न सरकारी औदार्याच्या दिशेचा आहे. कारण पंधरा वर्षे उलटलेल्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झाले. वीस वर्षे उलटलेल्या मोटारीसाठी ते 2025 साली 10,000 वर गेले. राज्याचा पर्यावरण कर वेगळाच. मारुती 800 चे उत्पादन 2014 साली थांबले, तेव्हा काही वर्षांत तिच्यापैकी एकही या कचाट्यातून सुटणार नाही. एम.एच. 41 ची पाटी मिरवणाऱ्या जुन्या मारुतीचे बाजारमूल्य मुळातच किती उरले आहे! आणि तिच्याच वयाच्या ऐसपैस देशी मोटारीलाही तेवढेच 10,000.

जुन्या मोटारीचा धूर अधिक, आणि अपघातात तिच्या पातळ पत्र्याचा भरवसा नाही, हे आक्षेप खरे आहेत. 2010 मध्ये कडक प्रदूषण-निकषांमुळेच मोठ्या शहरांतील तिची विक्री थांबली होती. परंतु धूर व ब्रेक यंत्राने तपासता येतात. जन्मतारखेवरून ते कळत नाहीत. महिन्यातून चार वेळा दवाखान्यापर्यंत किंवा बाजारापर्यंत जाणारी, नीट राखलेली मोटार रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या मोटारीहून कमी धूर ओकते. तेव्हा तपासणी कठोर करावी, नापास होईल ती खुशाल भंगारात घालावी. उत्तीर्ण होणाऱ्या लहान मोटारीचे शुल्क मात्र पुन्हा 600 रुपयांवर आणावे.