आधी कान, मग पाना

जुनी मोटार सुरू झाली नाही की घरातल्या प्रत्येकाचे निदान तयार असते. वडील म्हणतात बॅटरी, चिरंजीव म्हणतात प्लग, शेजारचे काका खिडकीतूनच सांगतात, "पेट्रोलमध्ये कचरा असणार!" आणि गृहलक्ष्मी म्हणते, "मी केव्हाची सांगते आहे, विकून टाका एकदाची." गंमत अशी की चौघांपैकी कोणीही बरोबर असू शकतो, पण कोण, हे बॉनेट उघडण्याआधी कोणी विचारीत नाही.

या सदरात आजवर आपण शिलाईयंत्र, पाण्याचा पंप, मिक्सर अशा घरच्या मंडळींच्या कुरबुरी पाहिल्या. दिवाळी अंकात जागा जरा ऐसपैस मिळते, म्हणून यंदा पाहुणाही मोठा घेतला आहे.

जुनी मोटार म्हणजे जिच्यात कार्बोरेटर आहे, डिस्ट्रिब्युटर आहे आणि चोकची मूठ आहे ती. आपल्याकडे अशा गाड्यांची दोन घराणी मोठी. एक उत्तरपाड्याच्या ॲम्बॅसडरचे. ते २०१४ साली थांबले. दुसरे आपल्या कुर्ल्याचे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीने इटलीच्या फियाटकडून घेतलेली गाडी १९६४ साली 'डिलाइट' म्हणून निघाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी ती हीच. तसली शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली.

घरगुती पद्मिनी मात्र अजून कोठे कोठे अंगणात उभ्या आहेत, आणि त्यांची अडचण निराळीच आहे. टॅक्सी गेल्या तसे पॉइंट घासणारे, कार्बोरेटर उघडणारे मिस्त्रीही पांगले. नव्या गाडीला यंत्र जोडले की ते बिघाडाचा क्रमांक सांगते. जुन्या गाडीत ते जोडायला जागाच नाही. मग एक एक भाग बदलण्याचा सपाटा सुरू होतो. पैसे जातात, गाडी जागची हलत नाही, आणि शेवटी कंटाळून ती भंगारात जाते. पुष्कळदा आत चांगले धडधाकट इंजिन असताना! तेव्हा निदान निदानापुरती विद्या आता घरात असलेली बरी.

विद्या फार मोठी नाही. इंजिन सुरू व्हायला चार गोष्टी लागतात : त्याला फिरवणारी ताकद, वेळेवर पडणारी ठिणगी, बेताचे पेट्रोल आणि सिलिंडरातला दाब. तपासायचे ते याच क्रमाने, आणि एका वेळी एकच.

पानाही हातात न घेता विचारण्याचा पहिला प्रश्न : गाडी केव्हा सुरू होत नाही? पहाटे थंड असताना की घाट चढून तापल्यावर? पावसात की महिनाभर उभी राहिल्यावर? चांगला वैद्य नाडी पाहण्याआधी दुखते केव्हा ते विचारतो, तसेच हे. या एका उत्तराने अर्धी शंका-कुशंका मिटते. कशी ते पुढे येईलच.

दुसरा प्रश्न : आवाज कसला येतो? किल्ली फिरवा, सेल्फ मारा आणि गप्प राहून ऐका. तीन आवाज ओळखता आले की पुरे. काहीच आवाज नाही, किंवा नुसते 'टक्', आळसावलेले 'घर्र... घर्र...', आणि तिसरा, इंजिन टणटणीत फिरते पण पेट घेत नाही. पहिल्या दोन आवाजांत दोष ताकदीच्या वाटेवर आहे. तेथे कार्बोरेटर उघडून बसणे म्हणजे पाय मुरगळला असता दात काढून घेणे होय.

ताकदीची परीक्षा दिव्यांनी करावी. पुढचे मोठे दिवे लावून सेल्फ मारावा आणि दिवे पाहण्यास कोणाला तरी समोर उभे करावे. मात्र गिअर न्यूट्रलमध्ये आणि हातब्रेक ओढलेला हवा. दिवे विझू लागले तर बॅटरी रिकामी आहे, तिच्या टर्मिनलवर मळी साचली आहे, किंवा स्टार्टरच अडकला आहे. दिवे ढिम्म राहिले आणि सेल्फही ढिम्म, तर प्रवाह स्टार्टरपर्यंत पोचतच नाही. स्विच किंवा सोलेनॉइड पाहावा. घरात व्होल्टमीटर असेल तर फारच उत्तम. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली गेली तर ती उपाशी आहे असे समजावे. आता ती उपाशी का, हाही प्रश्न आहेच. जुन्या गाड्यांतला डायनॅमो मंद गतीत फारसे काही देत नाही. रोज मैलभर भाजी आणायला, तीही दिवे लावून, जाणारी गाडी बॅटरीतून काढते जास्त आणि घालते कमी.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने जाते. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. तारा सोडताना गाडीच्या सांगाड्याला जोडलेली तार आधी सोडावी आणि बसवताना ती शेवटी बसवावी. वरून थोडे व्हॅसलीन लावले की वर्षभर पाहायला नको.

येथे एक हकीकत सांगतो. आमच्या सोसायटीत एका घरी वडिलांच्या वेळची पद्मिनी आहे. ती 'घर्र... घर्र...' करू लागली. मिस्त्रीने नवी बॅटरी बसवली, फरक पडेना. स्टार्टर उतरवून पुन्हा बांधून घेतला; तरी तेच. मग प्लग बदलले, कार्बोरेटरही साफ झाला. एके संध्याकाळी त्या घरचा धाकटा माझ्याकडे आला. "काका, उद्या सकाळी भंगारवाला येतोय. दादा म्हणतो, आता पुरे. पण बाबांनी वीस वर्षं चालवलेली गाडी आहे हो. एकदा बघता का?"

मी म्हटले, "बघू. पण आधी सेल्फ मार, मला ऐकू दे."

आवाज मरगळलेला, दिवे मात्र तसे ठीक. बॅटरी नवी, स्टार्टर नवा, मग वाटेत कोण बसले आहे? इंजिन रबराच्या बैठकांवर बसलेले असते, आणि रबरातून वीज जात नाही. स्टार्टरला शंभराहून अधिक अँपिअर लागतात, आणि तो सारा प्रवाह बॅटरीकडे परत जातो तो इंजिन व सांगाडा यांना जोडणाऱ्या एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीतून. तिला मिस्त्री 'अर्थ' म्हणतात. मी एक जाड जंपर तार घेतली. एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला, दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावले. "आता मार." इंजिन असे फिरले की धाकटा दचकलाच! पट्टी गंजाखाली कुजून दोन-चार तारांवर लटकत होती. नवी पट्टी आणि तारेच्या ब्रशने घासलेल्या दोन जागा, एवढाच काय तो औषधोपचार. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला आणि रद्दी घेऊन गेला.

मिस्त्री बिचारा अप्रामाणिक नव्हता. त्याने ऐकण्याच्या आधी बदलले, एवढेच.

आता तिसरा आवाज : इंजिन टणटणीत फिरते पण पेट घेत नाही. येथे प्रश्न ठिणगीचा किंवा पेट्रोलचा. सेल्फ सात-आठ सेकंदांहून जास्त मारू नये. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे, नाहीतर स्टार्टरही जायचा. दोन-तीनदा मारून एक प्लग काढून पाहावा. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल येते आहे, ठिणगीवर संशय घ्यावा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच पोचत नाही.

ठिणगीसाठी एक जादा प्लग तारेला लावून, त्याचा आट्याचा भाग इंजिनच्या लोखंडाला टेकवून, रबरी मुठीच्या पकडीने धरावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. निळी, कडकडीत ठिणगी चांगली. पिवळट, मरतुकडी वाईट. येथे हजारो व्होल्ट असतात, तेव्हा उघडा हात नको. आणि जवळपास पेट्रोल सांडलेले नको. ठिणगी वाईट असेल तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पॉइंट पाहावेत. त्यांची टोके जळून खडबडीत होतात, टाच झिजते आणि मधली फट मिटत जाते. ही फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी असते; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहून फिलर गेजने लावावा. नवे पॉइंट थोड्याच दिवसांत पुन्हा जळू लागले तर गुन्हेगार कंडेन्सर आहे असे समजावे. पावसाळ्यात मात्र पॉइंटपर्यंत जायचेही कारण नसते. झाकणाला आतून दमट धरते आणि वीज ओलीवरून पळून जाते. कोरड्या फडक्याने झाकण व तारा पुसल्या की स्वारी खूश.

पेट्रोलच्या वाटेवर पहिला प्रश्न विचारायला मंडळी लाजतात : टाकीत पेट्रोल आहे ना? काटा खरे बोलतोच असे नाही. या गाड्यांतला पेट्रोल पंप इंजिननेच चालतो. महिनाभर उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून गेलेले असते, आणि इंजिन बराच वेळ फिरल्यावरच पंप ते पुन्हा भरतो. तेव्हा अशी गाडी पहिल्या झटक्यात उठली नाही तर तो आजार नव्हे. पंपाचा पडदा फाटला असेल तर मात्र पेट्रोल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा भपकारा असेल तर गाडी सुरू करूच नका.

चोक थंड इंजिनसाठी आहे. तापलेल्या गाडीत चोक ओढला, किंवा घाबरून ॲक्सिलरेटर दहादा दाबला, की प्लग भिजतात. मग चोक आत ढकलून दहा मिनिटे स्वस्थ बसावे आणि नंतर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारावा. तेवढ्यात एक चहा होतो.

आणि घाटातले दुखणे? खंडाळ्याला चहा घेण्यापुरती थांबवलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. अर्ध्या तासाने आपणहून होते. उष्णतेने पंपात व नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. जुने टॅक्सीवाले पंपावर ओले फडके ठेवीत, ते याचसाठी. पंप गार करूनही गाडी उठली नाही, आणि ठिणगीही मेलेली दिसली, तर इग्निशन कॉइल तापून रुसत असेल.

धक्का मारणे हीदेखील एक परीक्षाच आहे. दुसऱ्या गिअरमध्ये, किल्ली चालू ठेवून धक्का दिल्याबरोबर गाडी सुरू झाली तर ठिणगी आणि पेट्रोल ठीक. दोष बॅटरी, तारा किंवा स्टार्टरमध्ये. धक्क्यानेही नाही झाली तर सोसायटीतल्या मुलांना पिटाळून लावावे आणि ठिणगीकडे वळावे. ठिणगी व पेट्रोल दोन्ही चोख असूनही इंजिन पेटत नसेल तरच चौथी गोष्ट, दाब. तेथे व्हॉल्व्ह किंवा रिंगा झिजलेल्या असतात. ते काम मात्र मिस्त्रीचे.

एक गोष्ट आताच्या काळाची. २०२३ पासून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली, आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. जुन्या गाड्यांच्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधले रबर यासाठी घडवलेले नाही. ते फुगते, चिरते. इथेनॉल हवेतले पाणीही ओढून घेते. म्हणून जुन्या नळ्या काढून इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवाव्यात, गाळणी वरचेवर पाहावी, आणि तेच पेट्रोल टाकीत ठेवून गाडी महिनोन् महिने उभी करू नये. पेट्रोलची नळी गळत असेल तर प्रश्न गाडी सुरू होण्याचा राहत नाही, जिवाचा होतो. दिवाळीत बाहेर फटाके उडत असताना नळी सोडण्याचा उद्योग तर मुळीच करू नये.

गाडीत एक शंभर पानी वही ठेवावी. केव्हा अडली, आवाज कसला, काय केले, काय झाले, एवढ्या चार ओळी लिहाव्यात. पुढच्या खेपेस मिस्त्री कितीही नवखा असो, ती वही त्याच्यापुढे ठेवली की निम्मे काम झालेले असते, आणि निम्मा खर्च वाचतो.

दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो, नारळ वाढवतो. त्याच दिवशी पाच मिनिटे टर्मिनल, अर्थची पट्टी आणि नळ्या पाहण्याचा रिवाज पाडावा. आणि भाऊबीजेला बहिणीकडे निघायचे असेल तर आदल्या संध्याकाळी एकदा सेल्फ मारून ऐकावे. दोष असला तर तो संध्याकाळी कळलेला बरा. सकाळी सारे नवे कपडे घालून उभे असतात, आणि नव्या कपड्यांनिशी गाडी ढकलायला सख्खा मेहुणासुद्धा तयार होत नाही.